परळीपर्यंत एकटी

शेवटच्या पेपरची घंटा झाली की परीक्षेच्या हॉलचा आवाजच बदलतो. तीन तास माना खाली घालून बसलेली मुलं एकदम उंच होतात, बाक सरकतात, कुणीतरी उगाच हसतं. खिडकीतून गरम वारं आत येतं आणि त्याला तापलेल्या पत्र्याचा वास असतो. यंदा मी पर्यवेक्षणाला होते. एका मुलीनं उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली, ओढणी तोंडाला गुंडाळली आणि खाली जाऊन सायकलच्या स्टँडला अशी लाथ मारली की तो खट्ट आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू आला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधता बांधता माझा हात थांबला. मलाही त्या क्षणी कुठंतरी निघावंसं वाटलं.

दुष्काळाचं नाव काढलं की लोक हळहळतात. मलाही हळहळायला हवं. मी बीए झाले त्या उन्हाळ्यात आमच्या शिरूर कासारच्या बाजूला विहिरींचे तळ उघडे पडले होते, टँकरच्या मागे घागरी पळत होत्या, बोरीबाभळींनी पानं टाकून नुसते काटे अंगावर ठेवले होते. सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरीही तो उन्हाळा आठवला की मला आधी आठवतो तो उतार, कानात घुसणारं वारं, आणि मी एकटी मोठ्यानं ओरडत सायकलवरून खाली येतेय ते. दुष्काळ होता, आणि मी वेडी आनंदात होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, त्याला मी काय करू?

आम्ही मेंढपाळ. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. मी घरातली पहिली शिकलेली. बीएचा शेवटचा पेपर देऊन आले त्या दिवशी अण्णांनी ती बातमी आधी मेंढरांना सांगितली, असं माय अजून सांगते. मला पुढं एम.ए. करायचं होतं, औरंगाबादला, हॉस्टेलवर राहून. घरात त्यावर फार बोलणं झालं. चुलते म्हणाले, "एकटी पोर परमुलखात ऱ्हाती व्हय?" माय म्हणाली, "तिला घराच्या मागं अंधारात जायला माणूस लागतंय." अण्णा काठीला तेल लावत बसले होते. दुसऱ्या टोकापर्यंत तेल लावून झालं.

मग मला हाक मारून म्हणाले, "सारे, परळीला जाऊन ये."

"कशानं?"

"सायकल हाय की तुझी. एकटी जायचं. वाटंत कुणाच्या गाडीत बसायचं न्हाई. बसलीस की तिथनंच माघारी, आन् औरंगाबादचं नाव काढायचं न्हाई. सायकलवर परळी गाठलीस, तर बघू."

"डोस्कं फिरलंय का तुमचं?" माय उसळली. "दिस कसले, ऊन कसलं!"

"मग औरंगाबादला काय सावली हाय?" अण्णा म्हणाले.

परळीच का, तर तरुणपणी अण्णा मेंढरं घेऊन एकदा तिथवर गेले होते. त्यांच्या लेखी जग तिथं संपत होतं. "त्याच्या पुढं रेल्वे हाय," ते म्हणायचे. "ते आपलं काम न्हाई."

सायकल आठवीत शाळेतून मिळालेली. तिच्यावर मी हायस्कूल केलं, कॉलेज केलं. तिनं माझ्याइतक्याच परीक्षा दिल्या असं म्हटलं तरी चालेल. कॅरियरला चादर, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन बांधला. डोक्यावर कॉलेजच्या शिबिरात मिळालेली टोपी घातली. माय दारातून हलली नाही. फक्त मी वळले तेव्हा तिनं शेजारणीला मोठ्यानं सांगितलेलं ऐकू आलं, "येती बघ दुपारपर्यंत माघारी."

पहाटेचं सिंदफणेचं पात्र मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. रोज ओलांडायचे, पण ओलांडणाऱ्याला नदी दिसत नाही. वाळूत बायकांनी झिरे खणले होते आणि प्रत्येक झिऱ्यात वाटीभर आभाळ साचलेलं होतं. लिंब फुलला होता. एवढ्या उन्हाळ्यात कडू झाडाला इतका गोड वास कुठून येतो, हा प्रश्न मला वीस वर्षं त्या झाडांखाली काढून त्या सकाळी पडला. पुढं रस्ता चढला, मी उतरून सायकल ढकलली, आणि चढ संपल्यावर समोर सगळा मुलूख उघडा पडला. पिवळा, करडा, मधेच एखादी शेवरी. मग उतार. मी ब्रेकवरचे हात सैल सोडले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शब्द नसावेत.

आमच्या भागात प्रवास सगळेच करतात. दसरा झाला की ऊसतोडीला ट्रक भरून जातात, गावात म्हातारी माणसं आणि कुलुपं राहतात. आम्ही चाऱ्यामागे जातो. कुणी दवाखान्याला, कुणी लग्नाला. नुसतं बघायला म्हणून कुणी जात नाही. त्यामुळं रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाचा पहिला शब्द एकच होता, "कावून?" म्हणजे, कशासाठी?

"पोरी, एकटी कावून चाललीस?"

"परळीला."

"कुठं ते न्हाई इचारलं. कावून?"

"बघायला," म्हटलं की माणसं माझ्या मागं बघायची, कुणी येतंय का. दुधाचा टेम्पो नेणाऱ्या एका माणसानं तर शेजारून हळूहळू गाडी चालवत मला पार घोळात घेतलं.

"ताई, सायकल वर टाकू. फुकट नेतो."

"नको दादा."

"भांडून निघालीस का घरातनं?"

"न्हाई."

"मग सासरहून पळालीस?"

"लग्नच न्हाई झालेलं!"

"मग तर बसच," तो कळवळून म्हणाला. "एवढ्या उन्हात काळी पडशील, मग कोण करंल?"

मी हसले आणि पायडल मारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या वाटेवर मला चोराची, लांडग्याची भीती नाही. मला भीती आहे ती भल्या माणसांची. त्यांनी एकदा मायेनं गाडीत बसवलं की माझं औरंगाबाद गेलं.

आणि माया तर जागोजाग होती. दुष्काळात पाहुण्याला पाणी देण्याची एक रीत आमच्याकडं आहे. तांब्या काठोकाठ भरूनच आणायचा. पाहुण्यानं वरून चार घोट प्यायचं आणि राहिलेलं, एक थेंब न सांडता, परत हातात द्यायचं. ज्या घरात दिवसाला दोन घागरी येतात तिथली बाई पण तांब्या अर्धा आणत नाही, आणि पिणाराही तो रिकामा करत नाही. दोघांचीही अब्रू त्या पाण्यात असते. वाटेत मी असे किती तांबे परत केले असतील! आज शहरात हॉटेलात बसल्या बसल्या समोर ग्लास भरला जातो, तेव्हाही माझा हात चार घोटांवर थांबतो. मैत्रिणी विचारतात, तहान नाही का. तहान असते.

संध्याकाळी एका छावणीवर पोचले. जनावरं जगवायला गावच्या सोसायटीनं माळावर घातलेली छावणी. हिरव्या कापडाच्या सावल्या, त्याखाली दावणीला बांधलेल्या गाई, बैल, म्हशी, आणि सगळ्या माळावर ताज्या तोडलेल्या उसाचा गोड वास. आमच्या तालुक्यातली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला लांब जातात, आणि त्या वर्षी तो ऊस ट्रकनं उलटा आमच्याकडं आला होता, गुरांना खायला. एखादी रात्र बायकांजवळ अंग टाकावं आणि पहाटे निघावं, एवढाच माझा विचार.

पण फाटकावरच्या माणसानं टोपी बघितली, पाठीवरची पिशवी बघितली, पायातले बूट बघितले आणि तो पळत सुटला. दोनच मिनिटांत भोंग्यावर आवाज आला, "सगळ्यांनी आपापल्या दावणीवर उभं ऱ्हावा! शेण उचला! तपासणी आलीय!"

सोसायटीचे चेअरमन स्वतः खुर्ची घेऊन आले. खुर्चीवर टॉवेल टाकला. चहा आला, बशीत बिस्किटं आली.

"मॅडम, जिल्ह्यावरनं का तालुक्यावरनं?"

"मी कुणी साहेब न्हाई. मी नुसती परळीला चाललेय, सायकलवर."

चेअरमन समजूतदारपणे हसले. शेजाऱ्याला म्हणाले, "बघ. तिकडल्या छावणीवर साहेब मोटारसायकलवर आलते साध्या कपड्यात. ह्या सायकलवर आल्यात, म्हंजे त्याच्यापेक्षा मोठ्या."

मी जितकं खरं सांगत होते तितकी माझी बढती होत होती. "मेंढपाळाची मुलगी आहे," म्हटलं तर ते म्हणाले, "व्हय व्हय, आमीबी शेतकऱ्याचीच लेकरं." मला दावणीवरून फिरवलं. बैलांच्या कानातले बिल्ले दाखवले, पाण्याचा हौद दाखवला. एक म्हातारी आपल्या म्हशीचा कान धरून उभी होती. "हिचा बिल्ला गळून पडलाय बघा, पण म्हस माझीच हाय. नाव इचारा तिला."

तेवढ्यात कुणाची तरी शेळी दावं तोडून उसाच्या ढिगावर चढली. माणसं धावली, शेळी वर पळाली. आणि माझी जीभ आपोआप टाळूला लागली. मेंढपाळाची ती हाक लिहून दाखवता येत नाही. ती घशातून सुरू होते आणि ओठांवर फुटते. लहानपणापासून रोज मारलेली. शेळी जागच्या जागी थांबली, वळली, खाली उतरून माझ्यापाशी आली.

मग म्हशीवाल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "अगं माय! हे कसलं साहेब! ही तर मेंढक्याची पोर!" आणि सगळी छावणी हसली. ज्यांनी घाईघाईनं शेण उचललं होतं ते सर्वांत मोठ्यानं.

चेअरमन मात्र हसले नाहीत. मी साहेब होते तोवर त्यांची भीती होते, आता मी त्यांची काळजी झाले. "म्हंजे खरंच एकटी? घरी माहीत हाय? उद्या वाटंत काय झालं तर लोक म्हणतील, ह्यांच्या छावणीवरनं गेलती." त्यांनी माझ्याकडून घरचा नंबर घेतला आणि माणसाला सांगितलं, "सकाळी टेम्पो शिरूरला जायलाय. त्यात सायकल टाका हिची."

फोन मायनं उचलला. अण्णा मेंढरांमागे रानात होते. चेअरमननी सगळं सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पलीकडून मायचा आवाज मला इथवर ऐकू आला, "देव पावला. धाडून द्या तिला माघारी."

माझी सायकल दोघांनी उचलून टेम्पोत ठेवली. दोरीनं बांधली. एवढ्या दिवसभरात मला रडू आलं नव्हतं, ते त्या दोरीच्या गाठीकडं बघून आलं. अण्णांनी घातलेली अट कुणी मोडली नव्हती. मी गाडीत बसले नव्हते, पण बसवली जाणार होते, आणि घरी सगळे म्हणणार होते, तेच बरं झालं.

म्हशीवाल्या म्हातारीचं नाव गयाबाई. तिनं मला आपल्या सावलीत नेलं, भाकरी दिली. रडण्याचं कारण विचारलं. मी परळीची अट सांगितली, औरंगाबादचं सांगितलं. ती उसाचं कांडं सोलत ऐकत होती.

"तुला एक सांगू का? कुणाला सांगू नगं," ती म्हणाली. "म्या पोराला म्हणलं, म्हस एकटी कशी ऱ्हाईल, मी जाते संगं. आलतेही म्हशीसाठीच. पर बाई, साठ वर्सांची झाले, सासरा, दीर, पोरं, सुना. एका दिसासाठी एकटी न्हवते मी. हितं माझी चूल, माझं अंथरूण. मनात आलं तर भजनाला जाते, न्हाई तर पडून आभाळ बघते. लई ग्वाड लागायलंय. पाऊस पडावा म्हणून हात जोडते रोज. आन् जोडताना मनात म्हणते, जरा दमानं पड."

आम्ही दोघी हसलो. मग ती उठली. कमरेवर हात ठेवून टेम्पोपाशी गेली आणि चेअरमनना, ज्यांच्या नावापुढं अख्खी छावणी साहेब लावत होती, त्यांना हाक मारली, "ए बाळ्या!"

चेअरमन वळले. गयाबाई त्यांची चुलती होती.

"सायकल उतरीव तिची."

"चुलते, तुला कळत न्हाई. पोरीची जात—"

"तू रांगत होतास तवा तुझी माय बाळंतपणाला एकटी बैलगाडी हाकत माहेराला गेलती, तुला म्होरं घिऊन. तवा कुठं होती तुझी छावणी? उतरीव. आन् फोन लाव तिच्या मायला, मी बोलते."

माय आणि गयाबाई काय बोलल्या ते निम्मंच मला ऐकू आलं. "व्हय बाई... मलाबी लेकी हायत... न्हाई, रडती हाय ती, भिऊन न्हाई, माघारी यायचं म्हणून..." मग बराच वेळ गयाबाई नुसती ऐकत राहिली. शेवटी फोन चेअरमनना देऊन म्हणाली, "तिची माय म्हणती, डोक्याला वलं फडकं बांधून जा म्हणावं."

चेअरमननी स्वतः दोरी सोडली. सोडता सोडता म्हणाले, "परळीला पोचलीस की मला फोन कर. न्हाई केलास तर मी येतो बघ जीप घिऊन!"

त्यानंतरची वाट मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. बीडच्या स्टँडवर उसाच्या रसाचा घोट आणि घुंगरांचा आवाज. वडवणीच्या पुढं भर दुपारी चिंचेखाली झोपलेली मी, आणि जागी झाले तेव्हा माझ्याइतकीच शांत झोपलेली शेजारची गाढवं. चेन पडली तेव्हा काळ्या झालेल्या हातांनी पुसलेलं तोंड, आणि ते पाहून रात्रीच्या मुक्कामाच्या घरी लेकरांचं खिदळणं. तेलगावच्या अलीकडं एकदम हिरवा रंग दिसला तेव्हा मी खरंच घाबरले. इतक्या दिवसांनी हिरवं दिसलं की डोळे दुखतात. ते कालव्याखालचं रान होतं. ऊस तुटून गेला होता, पण बांधाला हरळी होती, फडात पाचट होतं. मी उतरून ती हरळी हातानं चाचपली. तिथल्या शेतकऱ्याशी बोलत बसले. तो म्हणाला, खतासाठी रानात मेंढरं बसवायचीत, पण यंदा मेंढरंवाला कुणी फिरकलाच नाही.

माझ्या विद्यार्थिनी आता विचारतात, मॅडम, एकटं फिरल्यावर माणूस बदलतो का? मला वाटतं, बदलत नाही. उलट, घरात ज्याला कुणी विचारत नव्हतं तो आतला माणूस बोलायला लागतो. मी घरी कधी कुणाला स्वतःहून रस्ता विचारला नव्हता, सौदा केला नव्हता, नको म्हटलं नव्हतं. त्या वाटेवर मी दिवसभर नको म्हणत होते, आणि माणसं रागावत नव्हती. उलट मागून हात हलवत होती. गयाबाईला ते साठीत मिळालं, मला विशीत. एवढाच काय तो शिक्षणाचा फायदा, असं मला पुष्कळदा वाटतं, आणि तो काही लहान नाही.

परळी आली ती ओठांवर. राखेची चव आधी, मग वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. पाणी नव्हतं म्हणून त्या दिवशी त्यांच्यातून धूर निघत नव्हता. पण मला त्या नुसत्या उभ्या पाहूनही धाप लागली. बाजारातून, व्यापाऱ्यांच्या गाड्यांमधून वाट काढत मी थेट रेल्वे स्टेशनवर गेले. सायकल भिंतीला लावली. सोनेरी ऊन रुळांवरून लांबवर गेलं होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रूळ बघत होते.

चेअरमनना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास मॅडम!" मग घरी लावला. या वेळी अण्णा घरी होते.

"अण्णा, पोचले. परळीत हाय. कुणाच्या गाडीत न्हाई बसले."

मग ते म्हणाले, "वाटंनं कुठं चारा दिसला का?"

आमच्यात कळप हलवायच्या आधी एक जाणता माणूस पुढं जाऊन मुलूख बघून येतो. तो परत आला की त्याला दमलास का, जेवलास का, असं कुणी विचारत नाही. हाच एक प्रश्न विचारतात, आणि त्याच्या शब्दावर सगळी मेंढरं निघतात. आमच्या घरात हा प्रश्न बाईला कधी विचारलेला मी ऐकला नव्हता.

मी सांगितलं. तेलगावच्या अलीकडं, कालव्याखाली. बांधाला हरळी हाय, अजून वली हाय. फडात पाचट हाय. शेतकरी मेंढरं बसवून घ्यायला तयार हाय, त्याचं नाव सांगते, मी आलेय बोलून.

"पाणी?"

"हौद हाय. जनावराला देतो म्हणला."

"बरं," अण्णा म्हणाले. "उद्या हलवतो कळप." मागं मायचा आवाज आला, ती विचारत होती पोर जेवली का. अण्णांनी तिला थांबवलं असावं. मग मला म्हणाले, "सारे, आता तिथवर गेलीच हाईस, तर औरंगाबादची रेल्वे कुठनं सुटती तेवढं बघून ठेव."

मी फोन ठेवला. फलाटावर एक स्टेशनातला माणूस बाकावर बसून डबा खात होता. मी त्याच्यापाशी जाऊन विचारलं, औरंगाबादची गाडी कुठं लागते.

"हितंच लागती, ह्याच फलाटाला," तो म्हणाला. माझा राखेनं माखलेला चेहरा, काळे हात बघून मला घाई आहे असं त्याला वाटलं असावं. "पण आज न्हाई मिळायची ताई. गेली गाडी."

"आज नकोच आहे," मी म्हणाले, आणि माझा आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "मला जूनमध्ये हवीय!"